छावणी उठली तेव्हा

लष्करी तळ म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे तोफा, विमाने आणि काटेरी तारांचे कुंपण उभे राहते. परंतु त्या कुंपणाच्या आत सैनिकांच्या बायकामुलांचे संसार असतात, शाळा, इस्पितळ आणि बाजार असतो, आणि रोज सकाळी फाटकातून आत येऊन सायंकाळी आपापल्या घरी परतणाऱ्या माळी, सुतार, स्वयंपाकी, धोबी व कारकून यांचा एक भला मोठा परिवार त्या तळाच्या आधाराने जगत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुण्याच्या लष्करात, खडकीत, देवळालीत किंवा कामठीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. तळाची युद्धसज्जता हा सेनानींचा विषय खरा. पण निसर्गाने किंवा अपघाताने अवचित घाला घातला, तर या निःशस्त्र वस्तीचे काय करावयाचे, तिला कोणी, केव्हा आणि कोठे हलवावयाचे, हा प्रश्न तितकाच बिकट आहे, आणि त्याचे उत्तर प्रसंग ओढवल्यावर शोधू म्हणणाऱ्यास ते बहुधा सापडत नाही. या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास करावयाचा असेल, तर फिलिपीन्समधील क्लार्क या अमेरिकन हवाई तळाची १९९१ सालची हकीकत मुळापासून पाहण्यासारखी आहे.

लुझॉन बेटावर, आंजेलिस शहराला खेटून असलेली ही छावणी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन घोडदळासाठी वसविण्यात आली, आणि पुढे तिचा विस्तार होत होत ती अमेरिकेच्या परदेशांतील सर्वांत मोठ्या हवाई तळांपैकी एक झाली. तिच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर पिनाटुबो नावाचा, घनदाट अरण्याने झाकलेला एक डोंगर होता. सुमारे ५०० वर्षे तो स्वस्थ असल्यामुळे हा ज्वालामुखी आहे हे भूशास्त्रज्ञांखेरीज फारसे कोणाच्या गावीही नव्हते. २ एप्रिल १९९१ रोजी त्याच्या उतारावर वाफेचे स्फोट झाले, झाडे करपली, आणि डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आएटा या आदिवासी लोकांनी खाली येऊन ती वार्ता सांगितली. काही वर्षांपूर्वी तेथे भूगर्भातील उष्णतेच्या शोधार्थ विहिरी खोदल्या गेल्या होत्या. त्या खोदकामाने देव कोपला, असा आएटांचा समज झाला. शास्त्रज्ञांचे निदान वेगळे होते, परंतु डोंगर जागा झाला आहे एवढ्या मुद्द्यावर दोघांचे एकमत होते.

फिलिपीन्सच्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेचे प्रमुख रेमुंडो पुनोंग्बायन यांच्या माणसांनी तातडीने भूकंपमापक बसविले, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात ख्रिस न्यूहॉल यांच्यासह अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे पथक येऊन दाखल झाले. तळावरच्या एका साध्या निवासी घरात त्यांनी आपली वेधशाळा थाटली. कंपने नोंदविणाऱ्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यांवर सुई रात्रंदिवस थरथरत असे, आणि तळाच्या हेलिकॉप्टरमधून जाऊन डोंगरातून निघणाऱ्या गंधकवायूचे मापन केले जाई. १३ मे रोजी हा वायू दिवसाला सुमारे ५०० टन होता; २८ मेपर्यंत तो ५,००० टनांवर चढला, आणि पुढच्या आठवड्याभरात एकाएकी ३०० टनांच्या आत उतरला. सामान्य माणसाला हे शुभलक्षण वाटावे, परंतु शास्त्रज्ञांच्या मनात नेमकी यानेच धास्ती बसली. झाकण घट्ट बसून वाफ निघेनाशी झाली म्हणजे आतला दाब कमी झाला असे कोणतीही गृहिणी समजत नाही, तसाच हा प्रकार होता.

येथपर्यंतची कामगिरी शास्त्राची. यापुढची, माझ्या मते अधिक अवघड, कामगिरी भाषेची आणि व्यवस्थेची होती. शास्त्रज्ञ संभाव्यतेच्या परिभाषेत बोलतो, सेनाधिकाऱ्याला मात्र हुकूम द्यावयाचा असतो, आणि हुकुमात ‘कदाचित’ हा शब्द बसत नाही. या दोहोंमध्ये दुवा म्हणून मे महिन्याच्या मध्यास पाच पायऱ्यांची एक इशारापद्धती ठरविण्यात आली. तिसरी पायरी म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक संभवतो, चौथी म्हणजे चोवीस तासांत संभवतो, आणि पाचवी म्हणजे उद्रेक सुरू झाला आहे. कोणत्या पायरीला कोणी काय करावयाचे हे आधीच ठरल्यामुळे ऐन वेळी वाद घालण्यास जागा उरली नाही. दुसरे साधन होते एक चित्रफीत. मोरिस आणि कात्या क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने आयुष्यभर ज्वालामुखींच्या तोंडाशी जाऊन केलेल्या चित्रीकरणातून ती तयार झाली होती. १९८५ साली कोलंबियातील आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याखाली गाडले जाऊन सुमारे २३,००० माणसे कशी दगावली, हे तळाच्या अधिकाऱ्यांना व भोवतालच्या नगरप्रमुखांना त्यात डोळ्यांनी पाहता आले, आणि आलेख-आकड्यांनी जे साधले नव्हते ते त्या चित्रांनी साधले. क्राफ्ट दांपत्य मात्र ३ जून रोजी, म्हणजे पिनाटुबोच्या उद्रेकापूर्वी अवघे काही दिवस, जपानमधील उन्झेन ज्वालामुखीवर मृत्युमुखी पडले.

तरीही शंकेखोर होतेच. हजारो कुटुंबांना घराबाहेर काढावे आणि डोंगराने गुमान झोपी जावे, असे झाले असते तर पुढच्या इशाऱ्याला ‘लांडगा आला रे आला’ची गत लाभली असती. त्यातून तळाच्या कराराची मुदत त्याच वर्षी संपत असल्यामुळे वाटाघाटी चालू होत्या, आणि अशा वातावरणात प्रत्येक हालचालीला राजकीय अर्थ चिकटतो. ५ जूनला तिसरी, ७ जूनला चौथी आणि ९ जूनला पाचवी पायरी जाहीर झाली. १० जूनच्या सकाळी सहाच्या सुमारास तळप्रमुखांनी हुकूम सोडला, आणि सुमारे १४,५०० माणसे आपापल्या मोटारींतून दक्षिणेकडील सुबिकच्या नाविक तळाकडे निघाली. जगातल्या फार थोड्या शहरांना एका दिवसात असे उठणे साधेल.

कुटुंबांना तीन दिवसांपुरते सामान घेण्यास सांगण्यात आले होते. गाडीत तेल भरून ठेवलेले, पारपत्रे व दाखले एका पाकिटात, मुलांचे कपडे, औषधे, थोडे खाणे आणि पाणी, एवढ्यावर मंडळी निघाली, आणि बहुतेकांना आपले घर पुन्हा दिसले नाही. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तळाच्या रखवालीसाठी आणि यंत्रणा चालू ठेवण्यासाठी सुमारे दीड हजार माणसे मागे राहिली. म्हणजेच पुष्कळ घरांतून मोटार हाकणारी, रस्ता शोधणारी आणि रडणाऱ्या पोरांना समजावणारी गृहिणी एकटीच होती. आपत्तीच्या घटकेला शिपाई घरी नसतो, तो नेमका तेव्हाच कामावर असतो. म्हणून लष्करी कुटुंबाची तयारी ही घरधन्याची गैरहजेरी गृहीत धरूनच करावी लागते. कागदपत्रे कोठे आहेत, पैसे कसे काढावयाचे, भेटण्याचे ठिकाण कोणते, हे त्या घरातल्या बाईला व जाणत्या मुलाला ठाऊक नसेल, तर कपाटात बांधून ठेवलेली गाठोडी असून नसल्यासारखीच.

१२ जूनच्या सकाळी पहिला मोठा स्फोट झाला, आणि १५ जूनला दुपारी महास्फोट झाला. राखेचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला. विसाव्या शतकात याहून मोठा उद्रेक एकच, १९१२ साली अलास्कात झालेला. दैवदुर्विलास असा की त्याच दिवशी युन्या नावाचे वादळ लुझॉनवरून जात होते. कोरडी राख छपरावरून झाडून काढता येते. पण पावसाने भिजली की तिचे वजन जवळजवळ दुप्पट होऊ शकते, आणि ती ओल्या गिलाव्यासारखी चिकटून बसते. उद्रेकात जे सुमारे ३०० लोक मेले त्यांतले बहुतेक लाव्हाने किंवा अग्निप्रवाहाने नव्हे, तर छपरे अंगावर कोसळून मेले. मागे राहिलेल्या दीड हजारांनाही त्या दिवशी तळ सोडून आरायत पर्वताच्या बाजूच्या एका कृषी महाविद्यालयात आसरा घ्यावा लागला.

आणि सुबिक? जेथे आसरा म्हणून माणसे पाठविली, तेथेही तीच राख, तोच पाऊस, तेच भूकंपाचे धक्के. वीज गेली, पाणी तुटले, छपरे बसली. स्थलांतराचे आराखडे रचणारे बहुधा पहिल्या मुक्कामापर्यंतच विचार करतात. तो मुक्काम निकामी झाला तर काय, या कलमाशी त्यांची लेखणी थांबते. सुबिकच्या बाबतीत हाताशी आरमार होते म्हणून निभावले. विमानवाहू नौकांसह अनेक जहाजांनी या मंडळींना सेबू बेटावर पोहोचविले, आणि तेथून विमानाने ती ग्वामला व पुढे अमेरिकेला गेली. एकट्या ‘मिडवे’ या नौकेने १,८२३ माणसे नेली, आणि त्यांच्यासोबत ६८ कुत्री, २३ मांजरे व एक सरडा यांचीही नोंद झाली. हा सरडा वाचून हसू येते खरे. परंतु घरातले जनावर मागे सोडावे लागेल या भीतीने निघण्यास टाळाटाळ करणारी कुटुंबे सर्वत्र असतात, हे ज्याने बंदोबस्ताचे काम केले आहे तो जाणतो.

आतापर्यंत सांगितले ते कुंपणाच्या आतल्यांचे. तळाचा हुकूम अमेरिकन माणसांना लागू होता; फाटकाबाहेर राहणारे हजारो फिलिपिनो कामगार, आंजेलिसचे दुकानदार, घरकाम करणाऱ्या बाया यांचे स्थलांतर फिलिपीन्सच्या मुलकी अंमलदारांकडे होते. त्यांनीही त्याच पाच पायऱ्यांना धरून १०, २०, ३० आणि शेवटी ४० किलोमीटरचे वर्तुळ रिकामे करण्याचे आदेश काढले, आणि या सर्वांमुळे निदान ५,००० प्राण वाचले असा अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षणाचा अंदाज आहे. पण तळावर राबणाऱ्या माणसाचा दिवस आत जातो आणि रात्र बाहेर, त्यामुळे आतल्या यादीत तो पाहुणा आणि बाहेरच्या यादीत तो अनेकांतला एक. आएटांची दशा याहून कठीण. सुबिकच्या जंगलात अमेरिकन वैमानिकांना रानात तग धरून राहण्याचे शिक्षण देणारे हेच लोक. डोंगरावरून वाचून ते शिबिरांत आले, आणि तेथे दाटीवाटीत गोवराच्या साथीने त्यांची मुले दगावली. उद्रेकाशी निगडित एकंदर मृत्यूंचा आकडा आठशेच्या पुढे गेला, त्यात या शिबिरांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे या विषयाची आठवण करून देणारे दोन प्रसंग फार दूरचे नाहीत. २६ डिसेंबर २००४ रोजी कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर समुद्र चालून आला, आणि किनाऱ्यालगतच्या निवासस्थानांतून शंभराहून अधिक जवान व त्यांचे कुटुंबीय वाहून गेले. तेथे पायऱ्यांचा इशारा नव्हता, कारण हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. ती सूचना देणारे हैदराबादचे केंद्र २००७ साली सुरू झाले. दुसरा प्रसंग वर्धा जिल्ह्यातील पुलगावचा. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील मध्यवर्ती दारूगोळा कोठाराला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसे बळी पडली, ज्यांत बहुसंख्य आग विझवावयास गेलेले होते, आणि आसपासच्या गावांतील लोकांना रातोरात घराबाहेर पडावे लागले. कोठाराच्या भिंतीपलीकडच्या शेतकऱ्याला आत काय साठविले आहे हे सांगता येणार नाही, हे मान्य. परंतु भोंगा वाजला तर कोणत्या दिशेला पळावयाचे आणि कोणत्या शाळेत जमावयाचे, एवढे सांगण्याने कोणतेही गुपित फुटत नाही.

आमच्या छावण्यांतून आगीचे सराव होतात, भोंगे वाजवून पाहिले जातात, हे खरे आहे. उणीव आढळते ती हजेरीत. ठेकेदाराकडून आलेल्या मजुरांचे मस्टर ठेकेदाराच्या खिशात असते. फाटकावरच्या नोंदवहीत आत गेलेल्यांची नावे काळजीपूर्वक लिहिली जातात, बाहेर पडलेल्यांची जरा सैलपणे. स्फोटानंतर ‘आत कोण राहिले’ या एकाच प्रश्नाला उत्तर हवे असते, आणि ते त्या वहीतूनच मिळावयाचे असते. आपल्या मोलकरणीचे गाव व तिच्या घरच्यांचा फोन क्रमांक स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवणारी एखादी सुभेदारीण असते. तिचे शहाणपण कोणत्याही स्थायी आदेशात मी वाचलेले नाही, पण असावे असे वाटते.

क्लार्कच्या कामगारांवर खरे संकट कोसळले ते राख विझल्यावर. अमेरिकेने राखेत बुडालेला तळ पुन्हा उभारावयाचा नाही असे ठरविले. सुबिक चालू ठेवण्याचा करार १६ सप्टेंबर १९९१ रोजी मनिलाच्या सिनेटने ११ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला, आणि २६ नोव्हेंबरला क्लार्कचे रीतसर हस्तांतर झाले. ज्यांची हयात त्या फाटकातून ये-जा करण्यात गेली होती, त्यांची रोजी बंद झाली, आणि ओस पडलेल्या इमारतींतून तारा, खिडक्या, नळ चोरीस गेले. १९९३ साली तेथे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले, तरी पावसाबरोबर डोंगरावरची राख चिखल होऊन दरसाल खाली येतच राहिली, आणि १९९५ मध्ये बाकोलोर हे गाव त्या लोंढ्याखाली गेले तेव्हा तेथल्या चर्चचा निम्मा भाग जमिनीत गाडला गेला.