विजयस्तंभाला जाताना पाणी पिऊन निघा



डिसेंबर लागला की वस्तीत गाडीची वर्गणी सुरू होते. माणशी किती, गाडी कुणाची, पहाटे किती वाजता निघायचं, सगळं ठरतं. पण तिथे चालायचं किती, सावली कुठे, संडास कुठे, हे कुणी विचारत नाही.

येरवड्याचा गोल्फ क्लब चौक आपल्या ओळखीचा. पैसेवाली माणसं थंडीत उबदार गावी गोल्फ खेळायला जातात, तेव्हा मैदान निवडण्याआधी हेच विचारतात. अठरा खड्ड्यांचा डाव पायी खेळला तर सहा-आठ किलोमीटर चालणं होतं, म्हणून गुडघे दुखणारा सपाट मैदान निवडतो. आपण कोरेगाव भीमाला करमणुकीसाठी नाही, अभिवादनासाठी जातो. पण गुडघे त्यांचे आणि आपले सारखेच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीत सत्तरीच्या एक आजी होत्या. साखरेचा आजार, रक्तदाबही. स्तंभाच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. सकाळची साखरेची गोळी घेतली होती, पण पोटात काही नव्हतं. पहाटे चारपासून पाण्याचा घोटही नाही. आम्ही रागावलो तर म्हणाल्या, "पोरी, पाणी प्यायलं की जावं लागतं. एवढ्या गर्दीत कुठं जाऊ?" गूळ-पाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत सावरल्या.

गाडीतल्या बाकी बायकांना विचारलं. निम्म्याहून जास्त जणींनी पाणी टाळलं होतं. फिरती शौचालयं असतात, पण रांग मोठी, म्हणून बाया आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. लघवी अडवून आणि पाणी न पिऊन चक्कर येते, डोकं दुखतं, पुढचे आठ दिवस लघवीला जळजळ होते. हे आम्ही दर जानेवारीत पाहतो.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईत, ज्यांच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, ते सैनिक रात्रभर शिरूरहून चालत आले आणि दिवसभर अन्नपाण्याविना लढले. त्यांना दुसरा मार्ग नव्हता. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब या स्तंभाला अभिवादन करायला आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पाण्याचा हक्क मिळवलेल्या समाजाच्या लेकींनी तहानलेलं राहून रांगेत उभं राहू नये, असं आम्हाला वाटतं.

म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाकडे बघून सहल ठरवा.

१ तारखेला नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. गाडी लांबच्या वाहनतळावर लागते, पुढे बस आणि मग पायपीट. ज्यांचे पाय धडधाकट, त्यांनी जरूर जावं, जवळच्या वढू बुद्रुकलाही जाऊन यावं. पण दिवस भरलेली गरोदर बाई, तान्हं बाळ, नुकतंच हृदयाचं दुखणं झालेला माणूस यांना त्या गर्दीत नेऊ नका. स्तंभ वर्षभर तिथेच आहे.

पुढच्या वर्षी त्या आजी हट्टाला पेटल्या. "एक तारखेला नाही गेले तर अभिवादन कसलं?" घरात वाद झाला. शेवटी त्या जानेवारीतल्या एका साध्या दिवशी आमच्याबरोबर आल्या. स्तंभाजवळ हवा तेवढा वेळ उभ्या राहिल्या, उन्हात बसून भाकरी खाल्ली, नातवाला सगळा इतिहास सांगितला. परतताना म्हणाल्या, "आज नीट बघितला."

जाणाऱ्यांनी एवढं करावं :

• पहाटे दहा-बारा अंशांची थंडी, दुपारी तिशीच्या आसपास ऊन. स्वेटरखाली सुती कपडे घाला, डोक्याला रुमाल ठेवा.

• दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडं थोडं पाणी प्या. वाहनतळावर उतरताच सगळ्या बायकांनी मिळून आधी शौचालय गाठावं. पाळी असो-नसो, पॅड आणि कागदी पिशवी जवळ ठेवा.

• साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं की वेळेवर खाणं झालंच पाहिजे. खिशात गूळ किंवा साखर ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

• रक्तदाबाची गोळी चुकवू नका. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारा, मनाने बंद करू नका.

• जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

• लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी.

• छातीत दुखलं, दम लागला तर तिथेच बसा आणि जवळच्या समता सैनिक दलाच्या सैनिकाला किंवा पोलिसाला सांगा.

वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनाही विनंती आहे. झेंड्यांच्या खर्चात पाण्याचे चार जार आणि एक औषधांची पेटी धरा. गाडीत कुणाला कोणता आजार आहे, याची यादी आदल्या रात्रीच करा. गेलेलं प्रत्येक माणूस धडधाकट घरी परतलं पाहिजे.