माहितीचें वजन किती?

मणभर कापूस जड कीं मणभर लोखंड जड, असें कोडें घालून लहान मुलांना फसविण्याची गंमत मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उतावळें मूल ‘लोखंड’ म्हणून मोकळें होतें आणि सारे हंसतात. अलीकडे या कोड्याला एक नवें भावंड मिळालें आहे. रिकामा मोबाइल जड, कीं फोटोंनीं, गाण्यांनीं आणि चित्रपटांनीं गच्च भरलेला मोबाइल जड? या वेळीं मात्र अडखळणारीं केवळ मुलेंच नसतात. चांगलीं शिकलेलीं माणसेंही हा प्रश्न ऐकून क्षणभर हातांतला मोबाइल तोलून पाहतात.

या गोंधळाला भाषाही थोडी जबाबदार आहे. विचार करकरून डोकें जड होतें, मनांतलें बोलून टाकलें कीं मन हलकें होतें. मग हजारों फोटो पोटांत घेऊन मंद चालणारा मोबाइल ‘जड झाला’ असें कोणी म्हणालें, तर त्यांत नवल नाहीं. ‘कांहीं फोटो पुसून टाका, फोन हलका होईल,’ असा सल्लाही शेजारीं मिळतो. उपमा म्हणून हें सारें ठीक आहे. ती उपमा तराजूंत घातली म्हणजे मात्र मौज सुरू होते.

माहिती ही वस्तु नव्हे. ती वस्तूंची मांडणी आहे. सारीपाटावर डाव कितीही बदलला तरी पट आणि सोंगट्या यांचें एकूण वजन तेंच राहतें. संगणकांतील चुंबकीय तबकडीचें असेंच आहे. तिच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म चुंबकीय ठिपके असतात. एका दिशेला तोंड असेल तर एक खूण, उलट दिशेला असेल तर दुसरी. तबकडीवर लिहिणें म्हणजे या ठिपक्यांपैकीं कांहींचीं तोंडें फिरविणें. त्यांत नवा पदार्थ येऊन पडत नाहीं.

एके काळीं तर लिहिल्यानें वजन घटत असे. १८९० सालच्या अमेरिकेच्या खानेसुमारीसाठीं हर्मन हॉलरिथ यांनीं जाड कागदाच्या कार्डांना भोकें पाडून माहिती नोंदविण्याची रीत वापरली, आणि पुढें कित्येक दशकें संगणकांनाही अशींच कार्डें पुरविलीं जात. जितकीं भोकें अधिक, तितकें कार्ड हलकें. या संबंधांत तिकडील इंजिनियर मंडळींत एक आख्यायिका सांगतात. विमानाच्या प्रत्येक भागाचें वजन टिपून घेणाऱ्या एका अधिकाऱ्यानें संगणकाच्या प्रोग्रॅमचेंही वजन विचारलें. ‘शून्य’ हें उत्तर त्याला पटेना. तो कार्डांचा भला मोठा गठ्ठा पुढें करून म्हणाला, ‘मग हें काय आहे?’ त्यावर उत्तर मिळालें, ‘कार्डें तुमचीं, आमचीं फक्त भोकें!’

आजच्या मोबाइलांत आणि पेनड्राइव्हमध्यें ना तबकडी असते, ना कार्ड. त्यांतील फ्लॅश स्मृतींत अब्जावधि सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवून खुणा केल्या जातात. इलेक्ट्रॉनाला वजन असतें. तेव्हां येथें तरी भरलेलें यंत्र जड व्हावें, असें वाटेल. पण हे इलेक्ट्रॉन बाहेरून आणलेले नसतात. त्याच यंत्रांत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलविलेले असतात. शिवाय मौज अशी कीं, सामान्य फ्लॅश स्मृतींत पुसलेला रिकामा कप्पा ‘एक’ म्हणून वाचला जातो आणि इलेक्ट्रॉनांनीं भारलेला कप्पा ‘शून्य’ म्हणून!

तरीही शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न हंसण्यावारीं नेला नाहीं. इलेक्ट्रॉन कोंडून ठेवण्यास थोडी ऊर्जा लागते, आणि १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं दाखविल्याप्रमाणें ऊर्जेलाही वस्तुमान असतें. या आधारें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञ जॉन कुबियाटोविच यांनीं २०११ सालीं गणित मांडलें. ४ जीबी क्षमतेचें किंडल पुस्तकांनीं पूर्ण भरलें, तर त्याचें वजन ग्रॅमच्या अब्जांशाच्या अब्जांशाएवढें वाढेल, असा त्यांचा हिशेब निघाला. मोबाइलची बॅटरी भरल्यानें होणारी वाढ याच्या कोट्यवधि पट असते, आणि तीही ग्रॅमच्या एका अब्जांशाहून कमीच भरते. कांचेवर उमटलेला बोटाचा ठसा या दोहोंहून कितीतरी जड असतो.

मग भरलेला मोबाइल मंद कां चालतो? त्याचें कारण वजन नव्हे, जागा. फ्लॅश स्मृतींत एकेक अक्षर वेगळें पुसतां येत नाहीं. मोठाले गट एकदम पुसावे लागतात. मोकळी जागा कमी उरली म्हणजे नवें लिहिण्यापूर्वीं जुन्याची हलवाहलव करावी लागते, आणि त्यांत वेळ जातो. भरल्या कोठारांत नवें पोतें ठेवतांना होणारी अडचण ती हीच.

पुसण्याविषयींची दुसरी समजूत मात्र केवळ विनोदी नाहीं. तबकडीच्या संगणकांत फाइल पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेंतलें तिचें नांव तेवढें खोडलें जातें. मजकूर नव्या मजकुराखालीं झांकला जाईपर्यंत जागच्या जागीं असतो. ‘पुसलें, हलकें झालें’ अशा समाधानांत जुना संगणक विकणारा गृहस्थ कधीं कधीं आपले बँकेचे कागदही त्याबरोबर देऊन टाकतो. खरोखर पुसण्याला तर किंमतच पडते. माहितीचा एक कणही पुसतांना कांहीं किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, असें रोल्फ लँडावर यांनीं १९६१ सालीं सिद्धांतानें दाखविलें, आणि २०१२ सालीं तें प्रयोगानेंही पडताळलें गेलें.

आतां उलट बाजूचा भ्रम पाहूं, आणि तो अधिक महाग आहे. माहितीला वजन नाहीं, म्हणून तिला कांहींच लागत नाहीं, असें मानण्याकडे सुशिक्षितांचा कल असतो. १९५६ सालीं आयबीएमचें रॅमॅक हें तबकडी-यंत्र निघालें, तेव्हां ५० लाख अक्षरें साठविण्यासाठीं २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या लागत आणि यंत्राचें वजन एक टनाहून अधिक भरे. आज त्याच्या सुमारें दोन लाख पट माहिती नखाएवढ्या, अर्ध्या ग्रॅमहून हलक्या कार्डावर मावते. त्यामुळें साठवण फुकट झाली असें वाटतें, आणि उरलेला भार ‘क्लाउड’वर, म्हणजे ढगावर, टाकला जातो. हा ढग मात्र आकाशांत नाहीं. तो ऐरोली-महाप्यासारख्या ठिकाणच्या भक्कम इमारतींत, मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागणाऱ्या समुद्रतळाच्या तारांत आणि रात्रंदिवस चालणाऱ्या शीतयंत्रांत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील डेटा-केंद्रांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण वीजवापराच्या सुमारें दीड टक्का, वीज वापरली.

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं रोज सकाळीं सुप्रभाताचीं फुलें आणि सुविचार मोबाइलवर येऊन पडत असतील. त्यांनीं मोबाइल तिळभरही जड होत नाहीं, हें खरें. पण ज्या चित्राची प्रत तेथें ढगांत ठेवली गेली, तिच्यासाठीं कोठेंतरी यंत्र जागें राहतें, तापतें आणि थंड करावें लागतें. तेव्हां नको असलेले फोटो अवश्य काढून टाकावेत. मात्र तें हाताला हलकें वाटावें म्हणून नव्हे. माहितीचा भार मोजावयाचा तर वाण्याच्या तराजूऐवजीं विजेचा मीटर पाहावा.