लाखाच्या गर्दीतले चौघे

दर ऑगस्टमध्ये, एका ठरलेल्या गुरुवारी, इंग्लंडमधल्या सोळा वर्षांच्या मुलामुलींचा जीसीएसई या परीक्षेचा निकाल लागतो. शालेय आयुष्यातला हा पहिला मोठा निकाल. पास-नापासाची धाकधूक संपते न संपते तोच त्यातली हजारो मुलं पाठीवर तंबूचं गाठोडं घेऊन रेडिंगच्या किंवा लीड्सच्या गाडीत चढतात. ऑगस्टअखेरच्या सोमवारच्या सुट्टीला लागून या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी प्रचंड संगीत महोत्सव भरतो आणि तेच कलाकार आलटून पालटून दोन्हीकडे गातात. रेडिंगला हा उत्सव १९७१पासून आहे, लीड्सची जोड त्याला १९९९मध्ये मिळाली. सोळाच्या आतल्यांबरोबर मोठं माणूस लागतं. सोळा-सतरा वर्षांच्यांना मात्र आपापलं जायची मुभा आहे.

म्हणजे होतं असं, की मोकळ्या शेतांवर बघता बघता लाखभर वस्तीचं शहर उभं राहतं. त्याला रस्ते असतात, पाण्याचे नळ असतात, दवाखाना असतो, रात्रपाळीचे पहारेकरी असतात. आणि या शहराच्या रहिवाशांपैकी कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदाच आईवडिलांशिवाय झोपत असतात. ब्रिटनमधल्या मराठी घरांतही ‘पाठवायचं की नाही’ हा प्रश्न या वयात उंबरठ्यावर येऊन उभा राहतोच. थक्क करणारी गोष्ट अशी, की यातली बहुतेक मुलं सोमवारी चिखलाने माखलेले बूट आणि बसलेला घसा घेऊन धडधाकट घरी परततात. हे घडतं कसं? त्यामागे मेंदूविज्ञान आहे, भौतिकशास्त्र आहे, थोडं रसायनशास्त्र आहे. आणि या सगळ्यांतून फिरून फिरून एकच उत्तर समोर येतं: शेजारचा मित्र.

गंमत म्हणजे विज्ञानाने आधी या मित्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागला, की थांबायचं की आणखी थोडं पुढे रेटायचं हे आपण ठरवायचं. एकटं खेळताना तेरा ते सोळाची मुलं आणि चोवीशीपुढची माणसं जवळपास सारखाच धोका पत्करत होती. मग खोलीत दोन मित्र आणून बसवले. मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही, मुलांनी मात्र गाड्या बेधडक हाकायला सुरुवात केली. २०११मध्ये त्याच विद्यापीठात एमआरआय यंत्रात झोपवून असाच खेळ खेळायला दिला गेला. मित्र फक्त शेजारच्या खोलीतून पाहत होते. तेवढ्यानेही किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाच्या ओढीचे भाग जास्त जागे झाले. थोडक्यात, सोळा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही असं नाही. मित्रांदेखत त्याला धोक्यापलीकडची मजा जास्त मोठी दिसते.

आता हा मेंदू घेऊन स्टेजसमोर जाऊ. मेटल संगीताच्या मैफलीत तरुण मंडळी एकमेकांवर मुद्दाम आदळत, धडकत नाचतात. त्या घोळक्याला ‘मॉश पिट’ म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी इंटरनेटवरच्या चित्रफितींतून या धडकणाऱ्या माणसांचे वेग मोजले आणि २०१३मध्ये निष्कर्ष छापला. त्या वेगांची विभागणी वायूच्या रेणूंच्या वेगांसारखी निघाली. एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी रेणूंसाठी मांडलेलं सूत्र घामाघूम झालेल्या पोरांनाही लागू पडलं! फक्त एक गोष्ट त्या सूत्रात बसत नाही. मॉश पिटमध्ये कुणी पडलं, तर आजूबाजूचे थबकतात आणि त्याला हाताला धरून उभं करतात. तो तिथला अलिखित नियम आहे. रेणू असं काही करत नाहीत.

गर्दी आणखी दाटली, की वायूचा द्रव होतो. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर प्रत्येकाला स्वतःच्या मर्जीने हलता येतं. स्पेनमधल्या पाम्प्लोनात दरवर्षी ६ जुलैला सान फर्मिन उत्सवाचा आरंभ पाहायला नगरपालिकेसमोरचा छोटा चौक माणसांनी गच्च भरतो. फ्रान्समधल्या लियों शहरातले भौतिकशास्त्रज्ञ डेनी बार्तोलो आणि त्यांच्या चमूने तिथल्या गर्दीचं वरून चित्रण केलं. २०२५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, दाटी चौरस मीटरला चार माणसांच्या वर गेली, की शेकडो माणसं मिळून आपोआप गोल गोल झुलू लागतात. एक फेरा पुरा व्हायला सुमारे १८ सेकंद लागतात. कुणी ढकलत नसतं, कुणी ताल देत नसतं, आपण फिरतो आहोत हे त्यातल्या बहुतेकांना उमगतही नसतं. जर्मनीत ड्युइसबर्गला २०१०मध्ये ‘लव्ह परेड’ महोत्सवात २१ जण चेंगरून गेले. त्या दिवसाच्या चित्रणातही याच चमूला तसेच हेलकावे सापडले. कॅमेऱ्यांनी ते वेळीच टिपले, तर पुढच्या अनर्थाची सूचना आधी मिळू शकेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली आहे.

दाटी सहा-सात माणसांवर गेली, की माणसाची मर्जी संपते. पाय जमिनीवरून उचलले जाऊ शकतात, धक्क्याच्या लाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. अशा ठिकाणी मृत्यू बहुधा पायांखाली तुडवलं जाऊन येत नाही. श्वास घ्यायला बरगड्या फुलाव्या लागतात. चारी बाजूंच्या दाबाने त्या फुलू शकल्या नाहीत, तर माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. म्हणून जाणकार सांगतात, की दोन्ही हात छातीसमोर दुमडून धरा, म्हणजे फुप्फुसांपुढे चार बोटं जागा राहते. लाटेशी झुंजू नका. ती ओसरली, की तिरपे तिरपे कडेला सरका. ओरडण्यात श्वास घालवू नका. हातातली वस्तू पडली तर वाकू नका.

डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवाने हा धडा फार महागात घेतला. १९७१मध्ये शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांनी सुरू केलेला हा उत्सव आज उत्तर युरोपातल्या सर्वांत मोठ्या महोत्सवांपैकी एक आहे आणि तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. ३० जून २०००च्या रात्री, पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर, ‘पर्ल जॅम’ या बँडच्या कार्यक्रमात पुढच्या रांगांतली माणसं पडली आणि नऊ तरुण गेले. गायकाने गाणं थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितलं, पण स्टेजपुढची माणसं पडली आहेत हे मागच्यांना दिसतही नव्हतं. त्यानंतर तिथे स्टेजसमोरची जागा कठड्यांनी तोडून तिचे कप्पे केले गेले. प्रत्येक कप्प्यात मोजकीच माणसं रांगेने सोडतात. समुद्राच्या जागी तळी केली, की लाट मोठी होऊच शकत नाही.

दिवसाचं भय स्टेजसमोर असतं, रात्रीचं तंबूत. आणि ते फारच मुकं असतं. संध्याकाळी कोळशाच्या शेगडीवर सॉसेज भाजून झाले. ज्वाळा विझल्या, राख पांढरी झाली, बाहेर गारठा पडला. शेगडीत ऊब आहे म्हणून कुणीतरी ती तंबूत ओढून घेतं. पण धुमसणारा निखारा ज्वाळेइतकंच, किंबहुना जास्त, कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. एकदा चिकटला, की मोकळ्या हवेतही त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास जातात. त्याची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, सुस्ती. महोत्सवाच्या दुसऱ्या सकाळी हीच लक्षणं सगळ्या छावणीत असतात आणि सगळे ती रात्रीच्या दारूच्या आणि जागरणाच्या खात्यावर टाकतात! ओळखायची खूण एकच: एकाच तंबूतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतंय का, आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय का? एकट्याला हे कोडं सुटत नाही. ते सुटायला दुसऱ्याचं डोकंही दुखावं लागतं.

दारूचंही असंच. कायदा अठराखालच्यांना ती विकू देत नाही, पण छावणीत ती पोचते हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांत घातक गैरसमज असा, की ‘झोपू दे, उतरेल’. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते. माणूस आडवा झाला तेव्हाची पातळी ही शिखर असेलच असं नाही, ते अर्ध्या-एक तासाने येऊ शकतं. तोवर घशातली प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असते, उताणा पडलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. शिवाय दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला गरम वाटतं आणि प्रत्यक्षात शरीर ऊब गमावत असतं. उपाय साधा आहे: कुशीवर वळवायचं, वरचा पाय गुडघ्यात दुमडायचा, हनुवटी किंचित वर, आणि शेजारी बसून राहायचं. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर वाट न पाहता वैद्यकीय तंबू गाठायचा.

नशेच्या गोळ्या-पावडरींच्या बाबतीत ब्रिटनमध्ये एक धाडसी प्रयोग झाला. फियोना मीशम या गुन्हेशास्त्राच्या प्राध्यापिकेने उभारलेल्या ‘द लूप’ या संस्थेने जुलै २०१६मध्ये केंब्रिजशरमधल्या ‘सीक्रेट गार्डन पार्टी’ महोत्सवात, पोलिसांच्या संमतीने, तंबूत प्रयोगशाळा मांडली. कुणीही यावं, आपल्याजवळचा नमुना द्यावा, थोड्या वेळाने समोर बसून निकाल ऐकावा. नमुना परत मिळत नसे. जवळपास दर पाच नमुन्यांतला एक भलताच निघाला. हे कळल्यावर अनेकांनी उरलेला मालही नष्ट करायला दिला. उपदेश ज्यांच्यावर चालला नव्हता, त्यांच्यावर अशी माहिती चालली. एक्स्टसी घेतलेल्यांच्या बाबतीत शरीराची आणखी एक उलटी चाल दिसते. तापलेल्या अंगाने तासन्‌तास नाचून पाणी कमी पडलं तर धोका, आणि घाबरून लिटरवर लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज येण्याचा धोका.

कानांचं गणित त्यामानाने सोपं. १०० डेसिबलचा आवाज संरक्षणाशिवाय सुमारे पंधरा मिनिटं सोसावा, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मोजमाप सांगतं. पुढे दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. माणसाच्या कानातल्या ऐकणाऱ्या केसपेशी मेल्या, की नव्या येत नाहीत. फोमचे बोळे खिशात असावेत, स्पीकरपासून लांब उभं राहावं.

मग या सगळ्यात फोन काय करतो? बहुधा काहीच नाही. एका शेतात लाख माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागली, की मोबाइल मनोऱ्यांची क्षमता संपते. निरोप अडकतात, बॅटरी संपते. म्हणून अनुभवी मंडळी आत शिरल्या शिरल्या भेटायची जागा आणि वेळ ठरवतात, घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवतात, आपल्या तंबूवर ओळखीचं फडकं बांधतात. आषाढी वारीचं शहाणपण इथे आठवतं. तिथेही लाखो माणसं असतात, पण वारकरी एकटा गर्दीत शिरत नाही. तो दिंडीत चालतो, दिंडीला क्रमांक असतो आणि मुक्कामी कोण पोचलं नाही हे दिंडीला कळतं. महोत्सवात चार जणांची स्वतःची दिंडी हवी: एकत्र जाणारी, एकत्र परतणारी, एकाला पूर्ण शुद्धीत ठेवणारी.

आयोजकांची सगळी व्यवस्थाही शेवटी याच चौघांवर उभी असते. मोठ्या ब्रिटिश महोत्सवांत डॉक्टर-नर्स असतात, घाबरलेल्या किंवा भरकटलेल्या मुलांना ब्लँकेट आणि गरम चहा देणारे वेल्फेअर तंबू असतात, मन मोकळं करायला ‘समॅरिटन्स’ संस्थेचे स्वयंसेवक असतात. पण लाखभर माणसांत कोपऱ्यातल्या तंबूत कुणाची शुद्ध हरपते आहे, हे डॉक्टरला आधी कळत नाही. कळतं ते शेजारच्या स्लीपिंग बॅगमधल्या पोराला. प्रयोगशाळेत ज्याच्या नजरेने गाडी वेगात गेली, तोच मध्यरात्री चिखल तुडवत मदत आणतो.

त्याचे पाय अडखळतात ते एकाच कारणाने: ‘सांगितलं तर आपण अडकू, घरी कळेल, तिकीट जाईल.’ या विचारात जी मिनिटं जातात, त्यांची किंमत सगळ्यांत जास्त असते. वैद्यकीय तंबूत पहिला प्रश्न ‘याने काय घेतलंय, किती, केव्हा’ हा असतो. खरं उत्तर मिळालं तर उपचार नेमके होतात. ती भीती काढून टाकणं हे मात्र आयोजकांच्या हातात नाही, घरच्यांच्या हातात आहे. काहीही झालं तरी आधी मदत माग, बोलणी नंतर बघू, हे वाक्य निघण्यापूर्वी मुलाच्या कानावर पडायला हवं. आणि ते एकट्या आपल्या मुलाला सांगून भागणार नाही. त्याच्याबरोबर निघालेल्या उरलेल्या तिघांनाही समोर बसवून सांगावं, कारण गरज पडलीच तर धावायचं काम त्यांच्याकडे असणार आहे.