घरच्या दुरुस्तीनंतर फटफटी कां अडखळते ?

खरिपाचीं कामें उरकून रबीच्या पेरणीस थोडा अवकाश असला म्हणजे पुष्कळ शेतकरी घरचीं अवजारें दुरुस्तीस काढतात. नांगराचा फाळ, पाभरीचे फण, फवारणीचा पंप यांच्याच रांगेंत आतां फटफटीही येऊन बसली आहे. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याचा मागतां येतो. परंतु पहाटेच्या दुधाचे कॅन ज्या गाडीवर जातात ती गाडी अडली म्हणजे त्या दिवसाचें दूध घरींच राहतें. म्हणून आम्हांस स्वतःच्याच हातून झालेल्या एका घोटाळ्याची हकीकत येथें सविस्तर सांगावीशी वाटते.

आमची गाडी शंभर सी. सी. च्या वर्गांतील, एका सिलिंडरची, चार स्ट्रोकची व कार्बोरेटरची आहे. एका रविवारीं आम्ही एकाच बैठकींत तिचें ऑइल बदललें, प्लग घांसला, हवेची गाळणी धुतली, कार्बोरेटर सोडवून साफ केला आणि, टॅपेटचा टकटक आवाज कानास बोंचत होता म्हणून, टॅपेटही आवळले. आवाज बंद झाला व आम्ही आपल्यावरच खूष झालों. दुसऱ्या दिवशीं पहाटे गाडी कशीबशी सुरू झाली. पण एक कोस जातांच इंजिन मिसिंग करूं लागलें. रेस सोडली कीं सायलेन्सरांतून फटाके वाजावेत तसे बार निघत, इंजिनाचा वेग कधीं आपोआप वाढे, तर कधीं इतका खालावे कीं गाडी बंद पडे. आम्ही दूधकेंद्रावर पोहोंचलों तेव्हां माप बंद झालें होतें, आणि भरलेले दोन कॅन परत आणून घरीं विरजण लावावें लागलें.

पहिला संशय अर्थातच पेट्रोलवर गेला. हल्लींच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें व त्यांतील बराच भाग आपल्याच उसापासून निघतो, ही गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. इथेनॉल पाणी ओढून घेतें. तेव्हां टांकींत पाणी शिरलें किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिली तर अडचण होऊं शकते. परंतु आमची गाडी रोज चालणारी, आणि पेट्रोल तर शनिवारचेंच होतें. तरीही आम्ही टांकी रिकामी केली, नवा प्लग घातला, आणि ज्याबद्दल आजही खेद वाटतो असें एक काम केलें : कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू अंदाजानें इकडे तिकडे फिरवून गाडी चालती ठेवण्याची खटपट केली. मूळ दोष तसाच राहिला व त्यावर नवा दोष चढला. हवेचा स्क्रू हलविण्यापूर्वीं तो हलक्या हातानें पूर्ण मिटवून किती आटे फिरला तें मोजावें व कागदावर लिहून ठेवावें, म्हणजे तो पुन्हां मूळ जागीं आणतां येतो. आम्ही तें केलें नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं डोकें थोडें शांत झाल्यावर साधा विचार सुचला. शनिवारीं गाडी उत्तम चालत होती; सोमवारीं चालेना. मध्यें फक्त आमचा हात फिरला होता. तेव्हां दोष असलाच तर तो आम्ही उघडलेल्या भागांतच असणार. ज्यास हातही लावला नाहीं त्या मॅग्नेट कॉइलवर खर्च कशास करावा? मग ठरविलें कीं एका वेळीं एकच गोष्ट तपासावयाची, आणि तिचा परिणाम पाहिल्यावांचून दुसरीस हात घालावयाचा नाहीं.

प्लग काढून पाहिला. प्लगच्या टोंकाचा रंग इंजिनाच्या पोटांतील हकीकत सांगतो. फिकट तपकिरी असला तर मिश्रण योग्य. कोरड्या काजळीनें काळा झाला तर पेट्रोल जास्त. पांढुरका पडला तर हवा जास्त. आमचा पांढुरका होता. दुसरी खूण चोकनें दिली. तापलेल्या इंजिनास चोक दिल्यास तें सहसा घुसमटतें. आमचें उलट सुधारलें. याचा अर्थ असा कीं पेट्रोल कमी पडत होतें, किंवा कोठून तरी चोरून हवा आंत जात होती. जेट साफ होते; तार न घालतां फुंकून पाहिले होते. राहिला कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधील जोड. चालत्या इंजिनाच्या त्या जोडाभोंवतीं तेलाच्या कुपीनें पातळ तेलाचे थेंब सोडले, तों वेग क्षणभर स्थिरावला. (या परीक्षेस कित्येक जण पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर तें करणें म्हणजे अंगणांत आग लावून घेणें होय.) जोड उघडला तेव्हां आंतील रबरी कडें खांचेबाहेर सरकून चेंगरलेलें दिसलें. कडें अल्प किंमतीचें. पण अशी फुकट हवा खाणारें इंजिन फार तापतें, व तसेंच दामटलें तर पिस्टनपर्यंत मजल जाते. नवें कडें बसवून दोन्ही बोल्ट आळीपाळीनें, सारख्या जोरानें आवळले.

इंजिनाचा आपोआप वाढणारा वेग थांबला, बार कमी झाले. परंतु मंद वेगावर तें अजूनही लंगडत होतें. येथें पुष्कळांचा धीर सुटतो, कारण दोष एकच असणार असें आपण धरून चालतों. किक सावकाश हातानें दाबून पाहिली, तेव्हां एरव्हीं लागणारा विरोध लागेना. दाब कोठें तरी निसटत होता, आणि त्या वाटेवर आम्ही टॅपेटखेरीज कशासही हात लावला नव्हता.

टॅपेटचें काम इंजिन पूर्ण गार असतांनाच करावें, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेविली. सकाळीं मॅग्नेटच्या चाकावरील ‘टी’ ही खूण जुळविली. ही खूण चार स्ट्रोकांत दोनदां येते. पैकीं दाबाच्या स्ट्रोकाच्या शेवटीं आलेली तेवढी आपल्या उपयोगाची, कारण त्या वेळीं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असून दोन्ही रॉकर बोटानें किंचित् हलले पाहिजेत. इनलेटचा हलला, एक्झॉस्टचा मुळींच हलेना. म्हणजे आवाज घालविण्याच्या नादांत आम्ही तो इतका आवळला होता कीं व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकतच नव्हता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूंत उभा असतो, व आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या स्थितींत बैठकीच्या वाटेनेंच हेडमध्यें सोडतो. ती वाट बंद झाली तर त्याची कड जळून जाते, आणि मग हेड उतरविल्यावांचून गत्यंतर नसतें. आम्ही आणखी आठवडाभर तशीच गाडी हांकली असती तर काय झालें असतें तें सांगावयास नको.

अंतर किती ठेवावें तें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. या वर्गाच्या गाड्यांत तें बहुधा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, कित्येकदां त्याहूनही कमी असतें. असें माप डोळ्यांनीं घेतां येत नाहीं. फिलर गेजचें पातें किंचित् घासून सरकेल इतकें अंतर ठेवून, स्क्रू धरून ठेवीतच नट आवळावा; नटाबरोबर स्क्रूही फिरतो, म्हणून आवळल्यावर पातें पुन्हां घालून पाहावें. आम्हांस हें तीनदां करावें लागलें.

१ एप्रिल २०२० पासून निघालेल्या नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणीं कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागीं इंजेक्शन आलें आहे. त्यांत वरीलपैकीं स्क्रूचें प्रकरण उरत नाहीं व बिघाडाची सूचना मीटरवरील दिवा देतो. परंतु चेंगरलेलें रबर आणि आवळलेला टॅपेट यांविषयीं दिवा कांहीं बोलेलच असें नाहीं.

त्या सायंकाळीं माप सुरू होण्यापूर्वींच आमचे कॅन केंद्रावर होते. टॅपेटचा टकटक आवाज पुन्हां येऊं लागला आहे; तो आतां आम्ही तसाच राहूं दिला आहे.