कोपरच्या डोक्यावरून जाणारा माल

डोंबिवलीजवळच्या कोपर स्थानकात खाली कल्याण-मुंबई लोकल आणि वर दिवा-वसई मार्ग. वरून कंटेनरची लांबलचक मालगाडी निघाली की खालच्या फलाटावरची गर्दी मानसुद्धा वर करत नाही. या भागाला माल येता-जाता पाहण्याची फार जुनी सवय आहे.

जवळच्या उल्हास खाडीवर कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचे बंदर. घाटावरचा माल नाणेघाटातून जकात भरून खाली उतरे. १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात झाली. १८५४ मध्ये कल्याणला आगगाडी आली. पुढे १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट खुला झाल्यावर देशावरचा कापूस थेट मुंबईच्या गोदीत उतरू लागला. कल्याणचे बंदर बुडायला लढाई लागली नाही, रूळ पुरले. डोंबिवलीच्या बाजूला उरले ते मोठागावचे रेतीबंदर.

पुढचे मोठे वळण १९८९ चे. न्हावा-शेवाचे बंदर (जेएनपीटी) सुरू झाले आणि मालाचे तोंड मुंबईच्या गोदीकडून उरणकडे फिरले. २०२४-२५ मध्ये तिथे ७० लाखांहून जास्त टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापात) हाताळले गेले. मुंबईच्या जकातीबाहेर राहायचे म्हणून भिवंडीत गोदामे उभी राहिली होती. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, गोदामे मात्र हलली नाहीत. हलतील कशाला? त्यांना रस्ता आणि बंदर दोन्ही जवळ.

उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून जेएनपीटीपर्यंतचा पश्चिम मालवाहतूक मार्ग सुमारे १,५०० किलोमीटरचा. त्यातला वैतरणा ते जेएनपीटी हा १०२ किलोमीटरचा टोकाचा तुकडा सगळ्यात मागे राहिला. ज्या बंदरासाठी एवढा खटाटोप, त्याच्याच दाराशी काम अडले. मोकळ्या माळावर रूळ टाकणे वेगळे आणि वसई, कोपर, दिवा अशा दाटीत टाकणे वेगळे. इथे प्रत्येक खांबाला कुणाचे तरी घर आडवे येते.

आमचा स्वतःचा अनुभव याहून साधा आहे. धोकादायक ठरल्यामुळे कोपरचा उड्डाणपूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी उघडला. तोवर डोंबिवलीच्या पूर्व-पश्चिमेचा सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर. टेम्पोवाल्यांनी ती दोन वर्षे कशी काढली, हे त्यांनाच विचारावे. शहराच्या दोन बाजू जोडणे हे बंदर जोडण्याइतकेच व्यापाराचे काम आहे, असे तेव्हा कुणी भाषणात म्हटल्याचे आठवत नाही.

बरीच वर्षे रेंगाळलेला मोठागाव-माणकोली पूल आता खाडी ओलांडून भिवंडी-ठाण्याची वाट जवळ करतो. पण त्याच्या अलीकडे रेतीबंदरचे रेल्वे फाटक आहे. मालगाडी आली की फाटक पडते आणि पुलाकडे निघालेल्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. बंदराचा माल पुढे जावा म्हणून गावाचा माल थांबतो. फाटकावरच्या उड्डाणपुलाची चर्चा जुनीच.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, आणि मच्छीमारांचा विरोध अजून मावळलेला नाही. ते झाले तर मालगाड्यांची वर्दळ आणखी वाढेल. रेतीबंदरच्या फाटकाचा निकाल त्याआधी लागायला हवा.