प्लग बदलल्यावर गाडी मिसिंग करते?

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या पेट्रोल गाडीचे प्लग बदलले आणि उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले, तर घाबरून इंजिन खोलायला काढू नका. कालपर्यंत गाडी ठीक होती ना? मग दोष बहुधा जिथे हात फिरला तिथेच सापडेल.

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि क्रमाने पाहा :

१. प्रत्येक प्लगची टोपी दाबून घट्ट बसली आहे का?

२. डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीत वायरींची अदलाबदल झाली का? चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. आपल्या गाडीचा क्रम पुस्तकात पाहून घ्या.

३. प्लगची चिनी माती तडकली आहे का? गॅप पुस्तकाप्रमाणे आहे का? फिलर गेजने मोजा.

४. काम करताना हवेची रबरी नळी निसटली का?

तरीही दोष मिळाला नाही, तर जपून ठेवलेला जुना प्लग एकेका सिलिंडरला लावून पाहा. ज्या जागी इंजिन सुधारेल, तिथला नवा प्लग खराब समजा. कुठेच फरक पडला नाही, तर वायर व कॉइल मेकॅनिककडून तपासून घ्या.

प्लगचे आटे आधी हाताने धरवा, मगच पान्हा लावा. चालू इंजिनची वायर ओढू नका, जोराचा झटका बसतो. आणि मिसिंग करणारी गाडी तशीच पळवू नका. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. तो खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो.