शनिशिंगणापूर आणि सायबर सुरक्षा

शनिशिंगणापूर (तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर) हे घरांना दारे व कुलपे नसलेले गाव म्हणून प्रसिद्ध आहे. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतात, या श्रद्धेवर ही प्रथा उभी आहे. २०११ मध्ये युको बँकेने येथे बाहेरून कुलूप न दिसणारी शाखा उघडली. २०१५ मध्ये मात्र गावात पोलीस ठाणे आले.

२०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅपद्वारे ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचे प्रकरण उघडकीस येऊन गुन्हा नोंदवला गेला. अशा फसवणुकीसाठी गावात पाऊल ठेवावे लागत नाही. भाविक दूरच्या शहरात, खाते तिसऱ्याच ठिकाणी आणि सर्व्हर कदाचित परदेशात असतो. तेथे श्रद्धेचा धाक, शेजाऱ्याची नजर आणि ठाण्याची हद्द, तिन्ही अपुरी पडतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७५ नुसार भारतातील संगणकाविरुद्ध परदेशातून केलेला गुन्हाही कायद्याच्या कक्षेत येतो. परंतु पुराव्यासाठी त्या देशाचे सहकार्य लागते. २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत सहभागी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्हेगारीविरोधी करार स्वीकारला. ४० देशांच्या अनुसमर्थनानंतर नव्वदाव्या दिवशी तो अमलात येण्याची तरतूद आहे.